भामऱ्यांच्या ऊर्जाबचत खिडक्या

खिडकी ही घरातली सर्वांत बेजबाबदार वस्तू आहे. भिंत आपले काम मुकाट्याने करते, दाराला निदान कडी तरी असते. खिडकी मात्र येईल त्या वाऱ्याला आत घेते आणि घरातली ऊर्जा बाहेर सोडते.

ही गंभीर बाब इंदिरानगरच्या दीपक भामरे यांच्या ध्यानात आली. दीपकराव बँकेत आहेत, त्यामुळे गळती म्हटली की त्यांना झोप लागत नाही. त्यांनी रीतसर निवडप्रक्रिया राबवली. पुण्याच्या मेहुण्यांचा तज्ज्ञ सल्ला घेतला (मेहुणे दातांचे डॉक्टर आहेत), दुकाने पालथी घातली आणि कलिंगड वाजवून घेतात तशी प्रत्येक काच बोटाने वाजवली.

"साहेब, उघडणारी खिडकी घेतली तर फटीतून थोडी ऊर्जा जाणारच," दुकानदार म्हणाला.

"मग न उघडणारी दाखवा."

या तर्काला तोड नाही.

विचारायची राहिली ती फक्त आई. वडील गेल्यावर दीपकरावांनी यशोदाबाईंना नामपूरहून आणले, तेही "आमच्या नाशिकची हवा बघ तरी" असे सांगून. त्या काही रमेनात. मग त्यांना हॉलची खिडकी सापडली, आणि खिडकीसमोर, पलीकडच्या इमारतीत, सुलाबाई. रोज संध्याकाळी दोघी आपापल्या खिडकीत बसून सुनांच्या कामगिरीचा वार्षिक आढावा घेत. (वार्षिक असला तरी तो रोज होई.) एवढ्या एका कार्यक्रमावर यशोदाबाई नाशकात टिकल्या होत्या.

दुहेरी काचा बसल्या. सुलाबाईंचे ओठ हलताना दिसत, ऐकू काहीच येईना.

"हाई खिडकी शे का भीत?" यशोदाबाईंनी काच ठोकून आपल्या अहिराणीत विचारले.

"आई, आवाज येत नाही हीच तिची क्वालिटी."

"मंग मी नामपूरले जास."

दीपकरावांचा चेहरा पडला. आईवर त्यांचा खरोखर जीव होता. पण काचेला दहा वर्षांची गॅरंटी होती.

यशोदाबाई पिशवी भरून निघाल्या आणि जिन्याच्या वळणावर दम खायला थांबल्या. तिथल्या खिडकीची काच केव्हाच फुटली होती. (दुरुस्ती कमिटीच्या विचाराधीन आहे.) वारा भरभरून येत होता. समोर सुलाबाई दिसल्या, त्यांनी हाकही मारली. पिशवी तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी सूनबाई मनाली मेथी निवडायला तिथेच आल्या, कारण घरात गुदमरत होते. मग दीपकराव पेपर घेऊन आले. मग शेजारी खुर्च्या घेऊन आले. संध्याकाळभर भामऱ्यांच्या घराला कुलूप, आत ना दिवा ना पंखा ना टीव्ही. त्या महिन्याचे वीजबिल निम्म्यावर आले.

दीपकरावांनी सोसायटीच्या सभेत ते बिल उंचावून दाखवले आणि सारे श्रेय खिडक्यांना दिले. टाळ्या पडल्या. सर्व घरांत त्याच खिडक्या बसवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. जिन्यातल्या खिडकीपासून सुरुवात करावी, असेही ठरले.

यशोदाबाईंनी पिशवी उचलली.

वाचकहो, हसू आले असेल तर बरेच आहे. आपण हे पंख्याखाली बसून वाचत असाल. जरा उठून मागची खिडकी उघडून पाहा. त्यासाठी तिला लावून ठेवलेला सोफा सरकवावा लागेल. आणि उठलाच आहात, तर आपली आई सध्या कुठे बसते तेही बघून या.