आमच्या छपरावरचा बर्फ

माणसाला ऊब कधी हवी हे ठरवायचा हक्क तुम्ही त्याच्याकडून काढून घेतलात आणि भिंतीवरच्या थर्मोस्टॅटच्या एका डबीला दिलात. वर त्याला सोय म्हणता.

आमच्या डबीत वेळापत्रक भरलं होतं आधीच्या भाडेकरूनं. पहाटे घर तापवणारा बॉयलर चालू, आम्ही कामाला निघालो की बंद, संध्याकाळी पुन्हा चालू, झोपायच्या वेळी बंद. कधी न पाहिलेल्या माणसाच्या मर्जीनं आम्ही जर्मनीतल्या गोस्लारचे हिवाळे काढत होतो. (मी पृथ्वी वाचवण्याच्या कामात आहे. पृथ्वीला हे अजून कळलेलं नाही.)

अशात वीबकेची आजी आली. आठवडाभर राहून बघायचं, मानवलं तर कायमचं राहायचं, नाहीतर उत्तरेला बहिणीकडे जायचं, असं ठरलं होतं. माझ्या बायकोला या आजीनंच वाढवलेलं. त्यामुळे वीबके आठ दिवस आधीपासून पडदे धूत होती आणि माझ्याकडे संशयानं बघत होती.

आजी आली त्याच संध्याकाळी मी वेळापत्रक रद्द केलं, डबी हाती चालवायला घेतली, अठरा अंशांवर ठेवली आणि जेवताना छोटंसं भाषण केलं. या घरात यापुढे यंत्र नाही, माणूस ठरवेल. थंडी वाजली तर स्वेटर घालावा. आजीनं बटाटे संपवले, "बरं" म्हणाली आणि झोपायला गेली. तिला मी माझी अभ्यासाची खोली दिली होती. डबी त्याच खोलीच्या भिंतीवर होती.

सकाळी उठलो तर वाटलं, ताप आलाय. वीबकेनं दुलई लाथाडलेली. स्वयंपाकघरात लोण्याचं तेल झालेलं, फळीवरच्या मेणबत्त्या एकमेकींना वाकून नमस्कार करत होत्या. मी थक्क होऊन बघत राहिलो. अठरा अंशांत एवढी ताकद! माणसानं एकदा मनावर घेतलं की काय होतं बघा, असंही वाटून गेलं.

तेवढ्यात शेजारचे हार्टविग काका बर्फाचं फावडं घेऊन दारात आले आणि मला रस्त्यावर घेऊन गेले. गल्लीतली सगळी छपरं पांढरीशुभ्र. फक्त आमचं काळं, ओलं, वाफाळतं. त्यावर गावातली झाडून सगळी कबुतरं पोटं शेकत बसलेली. मी आयुष्यात असं दृश्य पाहिलं नव्हतं.

"तोर्बेन," काका हळूच म्हणाले, "घरं कमी तापवा, ही पत्रकं तूच वाटलीस ना रे?"

मग मला आजीची खिडकी दिसली. सताड उघडी. आमच्याकडे कितीही थंडी असो, माणसं खिडकी उघडी टाकून झोपतात. वर आजीनं खोली तापवणारा रेडिएटर पार बंद केला होता. (झोपायच्या खोलीत ऊब लागायला ती काय आजारी होती?) आपल्या खोलीपुरतीच ऊब मोजणारी बिचारी डबी रात्रभर हिमवाऱ्यात उभी राहून अठरा अंशांची वाट बघत होती, आणि ते येत नाहीत म्हणून बॉयलर उरलेलं घर भाजत होता. जुनं वेळापत्रक असतं तर तो रात्री झोपला असता.

मी वेळापत्रक परत लावायला आत धावलो. काका मागोमाग. वाटेत स्वयंपाकघरात आजी बाह्या सारून कणीक मळत होती. आमच्या घरात पाव कधी फुगत नाही. हा परातीबाहेर येत होता.

"खोली गार आणि स्वयंपाकघर भट्टी," आजी म्हणाली. "माहेर सुटल्यापासून अशी झोप लागली नव्हती. आखडलेली बोटं बघ, वळतायत. मी राहते गं, वीबके."

वीबके रडायलाच लागली. मी चाचरत म्हणालो, "आजी, मी फक्त जुनं वेळापत्रक..."

"माणूस ठरवेल म्हणालास ना? मग मी ठरवलं. त्या डबीला हात लावलास तर बॅग भरीन, जावईबापू."

वीबकेनं डोळे पुसून माझ्याकडे पाहिलं. पृथ्वीच्या बाजूनं बोलायला घरात कुणी उरलं नव्हतं.

हार्टविग काकांनी भिंतीला तळवा लावून बघितला आणि म्हणाले, "आजी राहणार हे छान झालं. मग आमच्या लिंबाच्या कुंड्या उन्हाळ्यापर्यंत तुमच्या भिंतीला लावून ठेवतो."