बाबूचाचांचं सपाट माप

लोणावळ्याच्या बाजारात बाबूचाचांच्या भुसारी दुकानात शिरलं की पोत्यांवर ओळीने बसलेली माणसं दिसायची. प्रत्येकाच्या घोट्याला तांदळाची पिशवी बांधलेली, एक पाय समोर अधांतरी, आणि गल्ल्यावरून चाचांचा खडा आवाज, "न्हाई झालं! पुन्यांदा!" नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, आपण भलत्याच दुकानात आलो.

ही सगळी गुडघ्याची माणसं. भातखाचरात राबून, घाट चढून-उतरून ज्यांच्या गुडघ्याची वाटी धरायची, ती चाचांकडे यायची. चाचा वैद्य नव्हते की हकीम नव्हते. तरणेपणी पोती वाहून त्यांची स्वतःची वाटी दुखायला लागली होती, तेव्हा तालमीतल्या वस्तादांनी पायाला वजन बांधून त्यांना बरं केलं होतं. तेवढी एकच विद्या. "वाटी रुसलीया," ते म्हणायचे. "रुसलेल्या मानसाला कोंडून ठेवत्यात व्हय? हळूहळू कामाला लावायचं."

आधी पिशवीत चिपटंभर तांदूळ. पाय उचलायचा, ताठ करायचा, थांबायचं, आणि सावकाश खाली. सावकाश म्हणजे किती, ते चाचांनाच ठाऊक. पाय सुधारला की त्याच्या दुप्पट, मापटं, मग पुरता शेर. जवळच्या औंढे गावची माणसं बाजारात भेटली की एकमेकांना विचारायचीसुद्धा, "काय आबा, मापट्यावर आला का?"

मी तेव्हा रेल्वेत बत्तीवाला. रोज तिन्हीसांजेला पेटती बत्ती घेऊन सिग्नलच्या उभ्या शिडीवर चढायचं, बत्ती टांगायची, उतरायचं. गुडघा असा धरला, की उतरताना डोळ्यांत पाणी यायचं. आईने लेप लावले, शेक दिला, "हलू नगंस" म्हणून बसवून ठेवलं. उठलो तर पहिल्यापेक्षा वाईट. माझ्या वाटची शिडी जोडीदार चढायचा आणि वर चार शिव्या मलाच हासडायचा. मुकादमाने सांगून टाकलं, "होळीपर्यंत बघतो गणपत, न्हाई तर दुसरा मानूस घेतो." घरात कमावता मी एकटा. काय करता? गेलो चाचांकडे.

चाचांचं माप सपाट. भरलं की वरून तळहात फिरवायचे. दाणा कमी नाही, दाणा जास्त नाही. बायाबापड्या म्हणायच्या, "चाचा, वरनं मूठभर टाका की!" चाचा म्हणायचे, "मूठ टाकली तर ते माप कसलं?"

शाब्बासकीचंही तसंच. मी घाम गाळून पाय ताठ करायचो आणि हा गृहस्थ गल्ल्यावर बसून म्हणायचा, "अजून वाकडा हाय. न्हाई झालं." एकदा वैतागून मी म्हटलं, "चाचा, कधी तरी शाब्बास म्हणा की! तोंड झिजतं का तुमचं?"

"खोटं शाब्बास म्हणलं तर पाय बी खोटाच ऱ्हातो," चाचा म्हणाले. "आपल्याला न्हाई जमत."

अस्सा राग यायचा! पण पाय सुधारत होता, तेव्हा गप्प बसत होतो.

दिवस कलायला लागला की मात्र चाचा भरल्या दुकानातून सगळ्यांना हाकलायचे आणि फळ्या लावायचे. ऐन गिऱ्हाइकीची वेळ! मी घरी येऊन आईला म्हटलं, "म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय."

आई चुलीपुढे होती. भाकरी उलटत म्हणाली, "आसं बोलू नगं रं. त्याची बायकू आमिना माज्याच वयाची. तिची बी वाटीच दुखायची. दुसऱ्यांना उठवायचा, पन तिनं नुसतं 'आई गं' केलं की ह्याचा जीव खालीवर. तू बस, म्हणायचा. पानी मी आनतो, दळान मी दळतो. वर्सानुवर्सं उचलून नेली-आनली. आता तिला उभं बी ऱ्हाता येत न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून चाचांनी हाकलायच्या आधीच मी पिशवी सोडून उठायला लागलो.

होळीच्या आधी मी शेरावर आलो. मुकादमासमोर शिडी चढून-उतरून दाखवली आणि नोकरी राहिली. धावत दुकानात सांगायला गेलो, तर चाचा म्हणाले, "उतरताना घाई केली आसशील." झालं! एवढंच कौतुक.

त्याच संध्याकाळी बाजारामागच्या सिग्नलवर चढलो. वरून चाचांचं परसदार दिसतं. बत्तीच्या नादात आजवर मी कधी खाली पाहिलंच नव्हतं. बाजेवर आमिनाचाची पाय सोडून बसल्या होत्या. पायांच्या नुसत्या काड्या झालेल्या. समोर जमिनीवर चाचा. चाचींच्या घोट्याला पिशवी होती, पण तिच्यात चिपटंसुद्धा नसावं, मूठभर तांदूळ असतील. चाचांनी त्यांच्या टाचेखाली तळहात घातला आणि पाय हळूहळू वर नेला. त्यांनीच नेला, मी वरून लख्ख पाहिलं.

"शाब्बास!" चाचा ओरडले. "शाब्बास आमिना! ताठ केलास बघ!"

चाची हसल्या. "तुमीच उचलला. लय खोटं बोलता."

"मी? मी हात बी लावला न्हाई," चाचा म्हणाले. "चल, पुन्यांदा."

आता उतरलो तर शिडी वाजेल आणि चाचा वर बघतील, म्हणून त्यांचं आटपेपर्यंत मी बत्तीशेजारी तसाच उभा राहिलो.