वाळूची परात

आमच्या समोरचे दातार सर भाड्याची जागा बघायला गेले की आधी लादीवर आडवे होतात. मधोमध नाही, भिंतीला लागून. एजंट घाबरतो. "काका, चक्कर आली का?" सर डोळे मिटून म्हणतात, "थांबा हो, कड बघतोय."

सर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. लग्न केलं नाही. मी चौथी शिकलेला, डोंबिवलीतच रंगाच्या कारखान्यात जन्म काढलेला. दारं समोरासमोर म्हणून ओळख, नाहीतर असला माणूस मी उंबऱ्यावर उभा केला नसता.

सरांचा जीव वाळूतल्या किड्यांत. किडे म्हटलं की चिडतात. "म्हात्रे, कोळंबीचे भाऊबंद आहेत ते." भाऊबंद तांदळाच्या दाण्याएवढे. समुद्राच्या वाळूत राहतात, हात लागला की टुणकन उडतात. सर अधूनमधून केळव्याला जातात. लोक तिथे घोडागाडीत बसतात, हे उकिडवे बसून पिठाच्या चाळणीने वाळू चाळतात आणि डबा भरून घरी आणतात. घरी परात. एका बाजूला कोरडी वाळू, दुसऱ्या बाजूला ओली. त्यात दोन जातींचे जीव सोडायचे आणि कोण कुठे जातो ते बघत बसायचं. गॅसवर भात करपला तरी उठत नाहीत.

आमच्या हिने, पार्वतीने, ती परात पहिल्यांदा बघितली तेव्हा विचारलं, "सर, यांचा जवला होईल का वो?"

सर शुद्ध शाकाहारी. मला वाटलं, संपलं आता येणंजाणं. पण ते हसले आणि तिला खुर्ची दिली. तेव्हापासून दुपारची ही तिथेच. सर तिला समजावायचे, "वहिनी, एकच जात सोडली तर ती सगळ्या परातीत हिंडते. दुसरी आली की ही कोरड्यात सरकते, ती ओल्यात जाते. मारामारी नाही. आपापली कड धरतात."

"मंग आमच्या जावांपेक्षा शहानी हायत," ही म्हणाली.

कड म्हणजे सरांचं सगळ्यावरचं औषध. लग्नाच्या पंगतीत बसताना, दवाखान्यात नंबर लावताना, एकच. "म्हात्रे, आधी कड बघून घ्या." एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये परातीच्या वासाची तक्रार आली. सेक्रेटरी सरांना फैलावर घेत होता. ही उठली. "माजे बोंबील वालतात तवा कुठं असतं तुमचं नाक?" विषय तिथेच मिटला.

ती गेली त्याला वर्ष होत आलं. सर तेव्हा आले, भिंतीला टेकून खाली बसले, चहा न घेता गेले. एक शब्द बोलले नाहीत. मला राग आला होता. एवढा शिकलेला माणूस, दोन शब्द बोलायला काय जातं.

आता बिल्डिंग पाडून नवी बांधणार आहेत. तोवर सगळ्यांनी भाड्याने राहायचं. माझा मुलगा टिटवाळ्याला असतो. म्हणाला, "बाबा, आमच्याकडे या." मी हो म्हटलं. नाहीतरी घरात मी या खोलीतून त्या खोलीत फिरतो, बूड कुठेच टेकत नाही.

सरांनी मात्र जागेसाठी ठाण्यापासून कल्याणपर्यंत मला हिंडवलं. प्रत्येक ठिकाणी दोनदा आडवे. एकदा या खोलीत, एकदा त्या खोलीत.

"सर, एका माणसाला दोन कडा कशाला?"

"असू द्या हो."

शेवटी डोंबिवलीतच एक जागा पसंत पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी सर कागदात गुंडाळलेली दाराची पाटी घेऊन आले. नवी, लाकडाची. वर लिहिलेलं 'दातार'. खाली 'सौ. पार्वती व दामोदर म्हात्रे'.

मी दोनदा वाचली. म्हटलं, "सर, ती गेली."

"माहीत आहे. त्यांच्यावाचून तुमचं नाव लिहवून बघितलं, बरं दिसेना. आतली खोली तुम्हाला. उजेड चांगला आहे."

पोराने नातवाची खोली माझ्यासाठी रिकामी केली होती, पलंग घेतला होता. सुनेने फोन करून विचारलं होतं, मासे कुठले आणू.

"मी पोराला शब्द दिलाय, सर. आधी बोलायचं होतंत."

"जागाच मनासारखी मिळत नव्हती. जागेशिवाय कसं विचारायचं?"

हिंडलो तेव्हा रोज बरोबर होतो, चहा रोज एका टपरीवर प्यायलो. एकदा तोंड उघडलं असतं या माणसाने.

सर म्हणाले, "बरोबर आहे. मुलाकडेच जायला हवं." मग पाटी पालथी करून अंगठ्याने लाकूड चाचपून बघितलं. "मधून कापून देतो का विचारतो पाटीवाल्याला. खालची तुम्ही घेऊन जा."

मी म्हटलं, "द्या."