अक्कांच्या अंगणातला अभ्यास

पुण्याहून कानडी मुलखात, चामराजपेटेत बिऱ्हाड आलं तेव्हापासून दुसरीतली मुग्धा वर्गात तोंड उघडत नव्हती. आणि उद्या तर उभं राहून एक इंग्रजी शब्द सांगायचा होता. अर्थ, मूळ आणि वाक्यात उपयोग. वाट्याला आला होता ‘एक्स्कॅव्हेट’.

“खणून काढणं,” तिची आई क्षमा कणीक मळता मळता म्हणाली. “लॅटिनमधला आहे. ‘एक्स’ म्हणजे बाहेर, ‘कॅव्हस’ म्हणजे पोकळ. आतलं बाहेर काढून पोकळ करायचं. गुहेला केव्ह म्हणतात ना, ती त्याचीच बहीण. म्हण बघू.”

मुग्धा फ्रॉकचा बंद चघळत राहिली.

हाताला कळलं की जिभेलाही कळेल, म्हणून क्षमाने तिला खुरपं देऊन अंगणात बसवलं. वीतभर खड्डा होतोय तोच घरमालकीण प्रमोदिनीअक्का बाहेर आल्या. “अगं, पूजा केल्याशिवाय भूमी उकरतात होय?” क्षमा खुलासा करेपर्यंत त्यांनी हळदकुंकू वाहून नारळ फोडलासुद्धा.

तो आवाज ऐकून शेजारच्या जयतीर्थअण्णांनी भिंतीवरून मान काढली. “बोअर मारताय? मग पाणी बघणारा नको?” नळाला एक दिवसाआड पाणी, असल्या कामात ती गल्ली उशीर करत नसे. अण्णा लगेच गुंडोला घेऊन आले. गुंडो तळहातावर नारळ आडवा ठेवून चालायचा. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो म्हणे. खड्ड्यापाशी नारळ उभा राहिला, आणि गल्ली लोटली.

“किती फूट जाणार?”

“आम्हाला स्वल्प पाणी द्याल ना, अक्का?”

“बोअर नाही हो, लेकीचा अभ्यास आहे,” क्षमा मेल्याहून मेली होऊन सांगत होती. ऐकतंय कोण.

तेवढ्यात तिच्या पदराआडून बारीक आवाज आला. “आम्ही अक्कांचं अंगण एक्स्कॅव्हेट करतोय.”

“काय करताय?” अण्णा वाकले.

मुग्धाने सांगितलं. अर्थ, मूळ, बहीण, सगळं. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. नव्याने येणाऱ्यांना फाटकातच गाठलं. गुंडो “सरी, सरी”, बरं बरं, म्हणत काढता पाय घेऊ लागला, तर त्याला कोपऱ्यापर्यंत पोचवत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दप्तर टाकत ती म्हणाली, “आई, बाईंनी तुला बोलावलंय.”

क्षमा हातातलं काम टाकून वळली. “गप्प बसलीस?”

“नाही गं. थांबलेच नाही. बाकीच्यांचे शब्दपण मीच सांगितले. बाई म्हणाल्या, आता तुझ्या आईलाच सांगते.”

तक्रार ऐकायला जाताना क्षमाने ठेवणीतली इरकल नेसली.