व्याळूची वेळ

अहमदपुरात पाच-पन्नास जुने शब्द एकट्या शंकरप्पा मास्तरांच्या जिवावर तग धरून आहेत! त्यातला सगळ्यात लाडका, व्याळू. म्हणून लेकीची सोयरीक पक्की करायला नांदेडचे नागप्पा येणार म्हटल्यावर मास्तरांनी ऐटीत निरोप धाडला, 'रविवारी व्याळूस यावे.'

बायको गुरम्मा म्हणाली, "रातचं जेवण म्हना की सरळ!"

"जेवण कुनीबी घालतंय! व्याळू म्हंजे विकाल, दिस कलल्यावरची वेळ. त्या वेळंचं खाणं ते व्याळू. दिवा लागायच्या आत पान वाढायचं. दिवा लागला की खेळ खलास!"

मास्तर नुसते बोलणारे नव्हते. दिवा लागल्यावर त्यांनी जन्मात घास घेतला नव्हता. आणि पाहुण्याआधी जेवणं तर त्या घरात पापच!

रविवारी लिंगपूजा उरकून मास्तर पाचलाच तयार. गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, शिजून पातेल्यात निवत होती. लेक दामिनी आरशापुढून हलेना. तिला नागप्पांचा संगमेश पसंत, त्याला ती. उरला होता फक्त त्याच्या आईबापाचा होकार.

सहा वाजले. साडेसहा. दिस बुडाला, पाहुणे न्हाईत! गुरम्माचा हात बटणाकडे गेला तसे मास्तर गरजले, "खबरदार! दिवा न्हाई तवर व्याळूची वेळ सरत न्हाई!"

"अवो, मला माजा हात दिसंना!"

"हाय तिथंच हाय तो!"

तेवढ्यात मास्तरांचा मोबाईल उजळला.

"अप्पा, फोन!" दामिनी ओरडली.

"उजेड हाय त्याला!" म्हणत मास्तरांनी तो पिठाच्या डब्यात कोंबला. पत्ता विचारायला नागप्पा फोनवर फोन करत होते, आणि ऐकत होतं ज्वारीचं पीठ!

सव्वासातला गाडी विचारत विचारत गल्लीत शिरली. सगळ्या गल्लीत दिवाळी, मास्तरांच्या एकट्या घरात अवस! संगमेशची आई पार्वतम्मा दारातच कडाडल्या, "सोयरीक नको तर तोंडावर सांगावं! दिवे मालवून लपत्यात व्हय? चला माघारी!"

"आई, थांब की गं!" संगमेशचा आवाज रडवेला झाला.

मास्तर अंधारात असे उडाले, की उजवा पाय थेट हुग्गीच्या पातेल्यात! पातेल्यासकट खणखणत ते दारात पोचले. "थांबा! व्याळू हाय!"

दामिनीने बटण दाबलं. नांदेडकरांना व्याही दिसले: एका पायात चप्पल, एका पायात पातेलं, धोतराला गूळ.

पार्वतम्मा हसता हसता उंबऱ्यावरच बसल्या. "सोयऱ्यासाठी हुग्गीत उडी घेणारा मानूस पहिल्यांदा बघितला बाई! पोरगी आमची!"

गुरम्माने भराभर पानं मांडली. नागप्पा मात्र मान खाली घालून उभे.

"मास्तर, खरं सांगू? व्याळू म्हंजे काय, आमाला ठावंच नव्हतं. इचारायची लाज वाटली. एखादी पूजा-बिजा असंल म्हून वाटंत लोहा गावातच जेवून आलो."

छत्तीस वर्षं मराठी शिकवलेले मास्तर पातेल्यासकट मटकन खाली बसले.

"तुमी तरी जेवा आता," गुरम्मा हळूच म्हणाली. "सकाळधरनं उपाशी हायसा."

मास्तरांनी वर बल्बकडे बघितलं. मग भाकरीकडे.

"वाढ," ते म्हणाले. "पन आधी तेवढी लाईट बंद कर!"