डावा फेंडर, उजवा फेंडर

लक्ष्मणरावांनी मुकुंदरावांना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं, तिथंच मुकुंदरावांना संशय आला. चाकणजवळ निघोज्याच्या त्या कारखान्यात मालकाच्या केबिनचं दार लावायची पद्धतच नव्हती. मालक जेवत असले तरी दार उघडं, डुलकी काढत असले तरी उघडं, आणि कुणाला झापत असले तर मुद्दाम सताड उघडं.

"मुकुंदराव, फेंडर घ्यायचेत. चार नग," लक्ष्मणराव म्हणाले.

मुकुंदरावांचा जीव भांड्यात पडला. फेंडर म्हणजे गाडीच्या पुढच्या चाकावरचा पत्रा. चाकणच्या पट्ट्यात शेंबड्या पोरालाही तो माहीत. मुकुंदरावांनी तर पर्चेस खात्यात तीस वर्षं दुसरं केलं काय? नुसती टिचकी मारून ते सांगत, की हा पत्रा कुठल्या प्रेसवर ठोकलाय आणि ठोकणाऱ्याचं त्या दिवशी घरी भांडण झालं होतं का.

"कुठल्या गाडीचे?" त्यांनी विचारलं.

"गाडीचे न्हाईत, बोटीचे. कोकणात धक्क्याचं काम घेतलंय आपण. बोट यिऊन धक्क्याला आदळती, मधी कायतरी मऊ नको व्हय? तेच्यालाबी फेंडरच म्हनत्यात. फोमचा असतो, पाण्यावर तरंगतो. म्हनलं, फेंडरमधी तुमच्याएवढा मोठा माणूस दुसरा हाय कोण."

खरं तर इथंच मुकुंदरावांनी सांगायचं, की मालक, मला यातलं काडीचं कळत नाही. पण गेल्याच वर्षी त्यांनी जर्मन म्हणून घेतलेलं एक मशीन देशी निघालं होतं. वरचं जर्मन अक्षर धुतल्यावर खाली "श्री" उमटला. तेव्हापासून मुकुंदराव जगावर संशय घ्यायला लागले. दुधावरची साय उचलून खालचं दूध बघायचे. रिक्षावाल्याने सुट्टे परत दिले तर का दिले म्हणून विचारात पडायचे. आणि निवृत्ती आली होती महिन्यावर. अशात अडाणीपणा कबूल कोण करणार?

लक्ष्मणराव दार उघडता उघडता म्हणाले, "ईस तारखेला माल धक्क्यावर पायजे. आला तर अजून दोन वर्सं बसा खुर्चीत. न्हाई आला तर नारळ हायच."

नारळाचं मुकुंदरावांना एवढं भय नव्हतं. भय होतं पुनावळ्याचं. तिथल्या चारशे फ्लॅटच्या सोसायटीत त्यांची बायको अरुंधतीबाई सगळ्यांना सांगून बसल्या होत्या, की आमचे हे रिकामे झाले की टँकर कमिटी तेच बघणार. आधीचे कमिटीवाले पाण्याच्या टँकरमागे पळून पळून सहा महिन्यांत म्हातारे झाले होते. एकजण तर झोपेत रिव्हर्सचा आवाज काढायचा, असं त्याच्या घरचे सांगत. मुकुंदरावांना खुर्ची हवी होती ती यासाठी.

त्यांनी त्याच दिवशी सहा ठिकाणी चौकशीचं पत्र पाठवलं. तीस वर्षं जसं लिहीत आले तसंच लिहिलं. तरंगते फोम फेंडर, चार नग. डावे दोन, उजवे दोन.

गाडीला दोन बाजू असतात, म्हणून फेंडरलाही दोन बाजू. डाव्याच्या जागी उजवा आला तर अख्खी लाईन बंद पडते. हे मुकुंदरावांच्या रक्तात भिनलेलं होतं.

सहापैकी चार जणांनी उत्तरच दिलं नाही. पाचव्या ठिकाणाहून फोन आला, रत्नागिरीकडून. पूनम नावाच्या बाई होत्या, एका छोट्या कारखान्याचा माल विकायच्या. त्यांनी नमस्कार केला आणि विचारलं, बोट केवढी, वजन किती, भरती-ओहोटीला पाणी किती चढतं-उतरतं. मुकुंदरावांनी कान टवकारले. भाव सांगायच्या आधी प्रश्न विचारणारा माणूस भाव वाढवायला जागा शोधत असतो, हा त्यांचा अनुभव.

"ते राहू दे. डावा आणि उजवा वेगळा मिळेल ना?" ते म्हणाले.

"दादा, तो लोडासारखा गोल असतो. पाण्यावर लोळत असतो. त्याला डावंउजवं कुठलं?"

मुकुंदरावांनी डायरीत लिहिलं, बाईंना मालाची माहिती नाही.

सहावा आला तो ज्ञानेश. चिंचवडला ऑफिस, कडक इस्त्री, आणि अत्तर असं की माणूस लिफ्टमध्ये असताना वास टेबलापर्यंत पोचावा. मुकुंदरावांनी त्यालाही तेच विचारलं. तो खुर्चीत पुढे सरकला. "सर, डावा-उजवा दोन्ही रेडी स्टॉक. पण तुम्ही विचारलंत म्हणून मला फार बरं वाटलं. हल्ली हे कोणाला कळतच नाही हो."

मुकुंदराव विरघळले. तरी संशय तो संशय. त्यांनी दोघांनाही सांगितलं की आधी नमुना आणा, मी पाण्यात टाकून बघणार.

आता पाणी आणायचं कुठून? चाकणला कांदा हवा तेवढा, समुद्र नाही. कारखान्यात टाकी होती, पण तिथं टाकलं असतं तर मुकुंदरावांना फेंडरमधलं कळत नाही हे शिपायापासून मालकापर्यंत सगळ्यांना कळलं असतं. म्हणून त्यांनी रविवारी सकाळी आपल्याच सोसायटीच्या पोहण्याच्या तलावाशी दोघांना बोलावलं.

गेटवर दत्तोबा वॉचमन होता, निघोज्याचाच. आधी एक टेम्पो आला. त्यातून पूनमताई उतरल्या आणि एक काळाकुट्ट, ओरखडे पडलेला, म्हशीच्या पोटाएवढा गोळा उतरवला. मागून ज्ञानेशचा ट्रक आला. त्यात दोन केशरी फेंडर, नवे कोरे, उन्हात चमकणारे, प्रत्येकात दोन म्हशी आरामात मावतील एवढे. एकावर मोठा एल, दुसऱ्यावर आर. दत्तोबाने विचारलं हे काय, तर मुकुंदराव म्हणाले पाणी मोजायचं यंत्र आहे. दत्तोबाने रजिस्टरात लिहिलं, लोड तीन, आणि मुकुंदरावांकडे असं बघितलं की जणू ते तलाव खिशात घालून न्यायला आलेत.

काळा गोळा बघून मुकुंदरावांच्या कपाळावर आठ्या चढल्या. हा तर वापरलेला आहे, म्हणाले. पूनमताईंनी सांगितलं, की मुद्दाम वापरलेला आणलाय, चार पावसाळे जेट्टीवर बोटींचे धक्के खाल्लेत याने, नवा कुणीपण दाखवील. मुकुंदरावांना वाटलं, ही जुना माल खपवायची नवी तऱ्हा.

"आत काय भरलंय कशावरून कळणार? कापून दाखवा," ते म्हणाले.

पूनमताईंनी पिशवीतून कोयता काढून त्यांच्याच हातात दिला. मुकुंदरावांनी हातभर चीर पाडली. आत दाट, पांढरा, साबणाच्या वडीसारखा फोम. चिरलेला गोळा तसाच पाण्यात लोटला. तो बुचासारखा तरंगत राहिला. मुकुंदरावांनी काठीने दाबला, तो वर आला. पायाने दाबला, मुकुंदराव पडता पडता वाचले, तो वर आला. या फोमच्या आत पाणी शिरतच नाही, पूनमताई म्हणाल्या. मुकुंदरावांचा संशय आणखी वाढला. पोट फाडलेली वस्तू बुडायला हवी. बुडत नाही म्हणजे यात काहीतरी लबाडी आहे.

मग ते केशरी फेंडरकडे कोयता घेऊन वळले. ज्ञानेशने अलगद हात आडवा धरला. "सर, कापला तर वॉरंटी जाते."

वॉरंटी म्हटल्यावर मुकुंदरावांनी देवासमोर चप्पल काढावी तसा कोयता खाली ठेवला. नुसता हात फिरवून बघितला. काय ती शिवण, दुहेरी, एकसारखी, अगदी गाडीच्या सीटकव्हरसारखी. एवढी शिवण बघूनही या माणसाला शंका आली नाही. चौघांनी मिळून एलचा फेंडर पाण्यात सोडला.

तो तरंगला. अगदी ऐटीत तरंगला. ज्ञानेशने फोटो काढला. मुकुंदरावांनी पूनमताईंकडे बघून मान हलवली. आणि मग फेंडर हळूच एका कुशीवर वळला आणि बुड बुड असा आवाज यायला लागला.

आत होता गादीचा फोम. सुईच्या प्रत्येक भोकातून तो पाणी प्यायला लागला, आणि नुसता प्यायला नाही, तर लग्नाच्या पंगतीत उपाशी पाहुणा बसावा तसा प्यायला. पाणी पहिल्या पायरीवरून दुसरीवर गेलं, दुसरीवरून तिसरीवर. पंधरा मिनिटांत छातीएवढं पाणी गुडघ्यावर आलं, आणि फेंडर फुगून फुगून तळाला जाऊन बसला तो असा, की तलावाची फरशी कण्हली म्हणतात.

बाल्कन्या भरायला लागल्या. मार्चचा महिना, नळाला दिवसाआड पाणी, आणि तो तलाव तीन टँकरने भरलेला. कुणीतरी वरून ओरडून विचारलं की टँकर कमिटीच्या भावी साहेबांनी पाणी कुठं पाठवलं. दुसऱ्याने सांगितलं की गोण्या भरून चाकणला विकतायत. मुकुंदराव ज्ञानेशला शोधायला वळले.

"त्यो सायेब व्हय? त्यो मगाशीच गेला," दत्तोबा म्हणाला. "नेटवर्क न्हाई म्हनला हितं. हिंजवडीकडं बघून येतो म्हनला."

आता त्या धुडाला बाहेर काढायचं होतं. दहा माणसांनी ओढलं, हललं नाही. वीस जणांनी ओढलं, माणसं आत पडली. क्रेनशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि रविवारी सकाळी क्रेन मिळणार ती एकाच ठिकाणी, मुकुंदरावांच्या कारखान्यात. फोन केला. क्रेन आली. क्रेनच्या मागे गाडीतून लक्ष्मणराव आले.

क्रेनने फेंडर उचलला आणि सोसायटीत धबधबा सुरू झाला. बायका बादल्या, कळशा, प्रेशर कुकर घेऊन खाली आल्या. रांग लागली. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी दोन बादल्या जास्त नेल्या म्हणून भांडणही झालं. फेंडर गवतावर ठेवला तेव्हा त्यात अजून दीड टँकर शिल्लक होता, म्हणून लोक त्याच्यावर चढून नाचायला लागले. अरुंधतीबाई काठाशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. टँकर कमिटीचं नाव त्यांनी त्या दिवसापासून काढलं नाही.

लक्ष्मणराव खुर्ची मागवून बसले. सगळं ऐकून घेतलं. मुकुंदराव नारळाची वाट बघत उभे.

"बरं झालं हितं बुडला," लक्ष्मणराव शेवटी म्हणाले. "तिकडं बुडला असता तर बोट धक्क्यावर गेली असती आन धक्का माझ्या डोस्क्यावर. आता या ताईंचा माल घ्या. पर ईस तारीक ती ईस तारीक." आणि ते एक बादली पाणी घेऊन गाडी धुवायला सांगून निघून गेले.

मुकुंदराव पूनमताईंकडे गेले. चार नग पक्के, म्हणाले. पूनमताई अवघडल्या. त्यांनी सांगितलं की माल तयार आहे, पण आमचे शेठ द्यायला तयार नाहीत. मुकुंदरावांनी कारण विचारलं, तर त्यांनी शेठला फोन लावला आणि सरळ स्पीकरवर टाकला.

"त्या चाकणवाल्याला माल देऊ नको गो," पलीकडून आवाज आला. "चाकणला समुद्र कधी आला? आणि डावे दोन, उजवे दोन मागतो म्हणजे माणूस खरा नाही. फसवाफसवीचं काम दिसतंय. माल जाईल, मग शोधायचं कुठे?"

मुकुंदराव उभ्या जागी थिजले. उभ्या आयुष्यात त्यांनी शेकडो माणसांवर संशय घेतला होता, त्यांच्यावर हा पहिलाच. त्यांनी व्हिजिटिंग कार्ड काढलं. शेठ म्हणाले, कार्ड कुणीपण छापतं. कंपनीचं ओळखपत्र दाखवलं, तर पूनमताईंना त्यातला फोटो दुसऱ्याच माणसाचा वाटला, कारण त्यात केस होते. धक्क्याचा नकाशा मोबाईलवर दाखवला, तर तो उलटा धरलेला निघाला. मग मुकुंदराव काकुळतीला येऊन बायकोकडे वळले, की तू सांग मी कसा माणूस आहे.

"संशयी," अरुंधतीबाई म्हणाल्या.

दत्तोबाला विचारलं, तर तो रजिस्टर उघडून म्हणाला की सायबांनी आज लोड तीन आणले, यंत्र म्हणून, आन त्यातला एक पानी पिऊन गेला. ते ऐकून शेठ पलीकडून फोन ठेवतो म्हणाले.

वीस तारीख, खुर्ची, दोन वर्षं, सगळं मुकुंदरावांच्या डोळ्यांसमोर बुड बुड करायला लागलं. ते नुसते उभे राहिले, पँट गुडघ्यापर्यंत ओली, एका पायात बूट नाही, मागे त्यांनी पारखून घेतलेल्या फेंडरवर अर्धी सोसायटी नाचतेय.

पूनमताईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्या फेंडरकडे, त्याच्यावरच्या मोठ्या एलकडे बघितलं. स्पीकर बंद केला, पाठ वळवली आणि हळू आवाजात बोलायला लागल्या. पण क्रेनवाल्याने नेमकं तेव्हाच इंजिन बंद केलं.

"शेठ, द्या माल. मी स्वतः बघितलाय माणूस. याला कुणीपण फसवील हो. हा बिचारा कुणाला फसवणार?"

अरुंधतीबाईंनी पदर तोंडाला लावला. शेठचा होकार घेऊन पूनमताई फोन ठेवून वळल्या तेव्हा मुकुंदराव अगदी जवळ येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलंय हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"ताई," मुकुंदराव म्हणाले, "आता जे बोललात, ते तेवढं कंपनीच्या मेलवर पाठवा. उद्या तुमचे शेठ फिरायला नकोत."