चार बोटं लांब बाही

"वा! फर्स्ट क्लास!" असं मास्तर बायकोच्या विणकामाला तीन हिवाळे म्हणत आले होते, आणि आज त्या कौतुकाची शिक्षा अंगावर घालून ते मागच्या गल्लीने दुकानात शिरले.

मास्तर म्हणजे शिंपी. त्यांच्या शिलाईत दोऱ्याइतकाही फरक कधी कुणाला सापडला नव्हता. आणि बायकोने त्यांच्यासाठी वरपासून खालपर्यंत अखंड विणलेल्या या स्वेटरची उजवी बाही डावीपेक्षा चार बोटं लांब होती. ती विणताना शेजारीण आपल्या सुनेची हकिकत सांगत होती, आणि हकिकत संपेपर्यंत बाईंच्या सुया चालू राहिल्या.

"थंडी संपेपर्यंत दुकानात हाच घालायचा हं," मास्तरीणबाईंनी सकाळीच बजावलं होतं. "लोकांना कळू दे, आम्हालाही काही येतं."

शिंप्याने असा स्वेटर घालून गिऱ्हाइकांची मापं घ्यायची म्हणजे टकल्याने केस वाढवायचं तेल विकण्यासारखंच. पण न घालावा, तर बायकोचा चेहरा उतरणार, आणि ते तर मास्तरांना मुळीच सोसवत नसे.

दुकानात पोस्टमन आधीच येऊन बसले होते. कुठल्याशा फाटकाला अडकून त्यांची पँट गुडघ्यापासून फाटली होती. ती मास्तरांच्या हवाली करून ते कमरेला टॉवेल गुंडाळून पडद्याआड गेले.

"मास्तर, बाही जरा..." पडद्यातून डोकं काढत ते म्हणाले.

"ठाऊक आहे! चार बोटं कापतो, दुमडतो, शिलाई मारतो. हिला कळणारसुद्धा नाही."

जन्मभर कापडाशी व्यवहार केलेल्या माणसाने स्वेटर उतरवून लोकरीला कात्री लावली. कापड कापलं की गप्प बसतं. लोकर बसेना. टाका सुटला, त्याच्यामागून दुसरा निघाला.

"दोरा ओढून बघा, कुठेतरी अडकेल," पोस्टमननी सल्ला दिला.

मास्तरांनी ओढला. तो अडकला तो थेट खांद्यापाशी.

"आता हो?"

"दुसरीही काढा. बिनबाह्यांचा होईल. हल्ली तसेच चालतात."

दुसरी बाही गेली. आता दोन्ही बाजू सारख्या झाल्या खऱ्या, पण बाह्या गेल्यावर खालचा घेर एका अंगाला ओघळलेला दिसू लागला. मास्तरांमधला शिंपी स्वस्थ बसेना. त्यांनी घेर सरळ करायला घेतला आणि लोण्याच्या वाटणीला बसलेल्या माकडासारखं एकदा इकडून, एकदा तिकडून कमी करत ते छातीपर्यंत पोहोचले. लोकरीचा गुंता होऊ नये म्हणून पोस्टमनना स्टुलावर बसवून त्यांच्या पुढे केलेल्या दोन हातांवर ती गुंडाळणं चाललं होतं. शेवटी मास्तरांच्या हातात फक्त गळा उरला.

आणि दारात डबा घेऊन मास्तरीणबाई उभ्या राहिल्या.

टॉवेलातले पोस्टमन, त्यांच्या हातांवरची लोकर, नवऱ्याच्या हातातला गळा. बाईंनी सगळं एकदा पाहिलं.

"अगं, मी फक्त बाही... चार बोटं..."

बाई मटकन बाकावर बसल्या. पदर तोंडाला लावला. खांदे हलू लागले. मास्तर पाण्याचा पेला घेऊन धावले, तेव्हा कळलं की बाई हसताहेत.

"सुटले गं बाई एकदाची! अहो, मला काय डोळे नाहीत? उजव्या बाहीतच समजलं होतं, हे काही जमत नाही. उसवायला घ्यावं म्हटलं, की तुम्ही आपले 'वा, फर्स्ट क्लास!' करायचात. मला वाटायचं, माणूस इतक्या आशेनं बसलाय, कसं उसवू? आज तर मुद्दाम दुकानात घालायला सांगितलं, म्हटलं आता तरी खरं बोलाल."

"म्हणजे तुला राग नाही?"

"राग कसला! सुयांचा नुसता कंटाळा आला होता मला. यापुढे खरं बोलत जा."

मास्तरांना एकदम इतकं हलकं वाटलं, की गळा बाजूला ठेवून त्यांनी तिथेच डबा उघडला. बाईंनी पिशवीतून होडीच्या आकाराचं चिमुकलं शटल आणि पांढरं रीळ काढलं. "शेजारणीकडून टॅटिंग शिकतेय, गाठी मारून करायची लेस. हा नवीन नमुना, आजच सुरू केलाय. बघा."

बोटभर लेस होती. गाठीला गाठ लागून झालेल्या कड्या, मधे कमानी. मास्तरांनी ती उजेडाला धरली. सगळं अगदी मापात होतं.

"खरं सांगू? सुरेख आहे," ते म्हणाले. आणि या वेळी ते खरंच होतं.

"मग तुमच्या शर्टाच्या कॉलरला लावू?"

मास्तर सगळं धैर्य गोळा करून म्हणाले, "नको."

"बघा! किती सोपं असतं!" बाई खूश झाल्या. "बरं झालं विचारलं. एकदा लावली की लावली. याच्या गाठी काही लोकरीसारख्या सुटत नाहीत." मग त्या स्टुलाकडे वळल्या. "पोस्टमनभाऊ, तुम्हाला कशी वाटते?"

पोस्टमन सभ्य माणूस. शिवाय पँट अजून मशीनवर होती.

"वा, वहिनी!" ते म्हणाले. "फर्स्ट क्लास!"

मास्तर त्यांना मानेने नको-नको करेपर्यंत उशीर झाला होता. बाईंनी खुंटीवरची टपालाची पिशवी उतरवून मांडीवर घेतली होती आणि तिच्या झाकणावर लेस धरून त्या विचारत होत्या, "नुसती कडेनं लावू, की पट्ट्यालाही?"

पोस्टमननी दोन्ही हात पुढे करून पिशवी ओढून घ्यायचा प्रयत्न केला, पण हात लोकरीत गुंतले होते. मास्तरांनी पँट मशीनच्या सुईखाली सरकवली आणि फार दिवसांनी अगदी निवांतपणे पाय मारायला सुरुवात केली.